पांडवांच्या पाच शेंगा

मंठाळ, ता. बसवकल्याण
२८ नोव्हेंबर २०२५

वृंदाक्का यांना कोंडाबाई गुंडाप्पाचा नमस्कार.

तुमच्या ऑफिसचा निरोप मिळाला. फोन करायचा नाही, काय असेल ते लिहून कळवायचं, फोनवरचं बोलणं फाईलला लागत नाही. मला तर बरंच झालं. तुमचे वडील गुरुराज मास्तर हुलसूरहून सायकलवर येऊन आम्हा बायकांना अक्षरं शिकवायचे, तेव्हा मी तिशीची होते. तुम्ही सायकलच्या दांडीवर बसून यायचात आणि माझी पाटी पुसायचात. मास्तर सांगायचे, बोलताना कसंही बोल, लिहिताना पुस्तकातल्यासारखं लिही. मास्तर गेले, पण मी अजून तसंच लिहिते. घरात वाचून दाखवलं तर सून तोंडाला पदर लावून हसते.

आता तुमच्या तुरीचं. जाळी शाबूत आहे, कुलूप माझ्याकडे. आत कोण गेलं, कोण आलं, आतून काय बाहेर गेलं, रोज वहीत लिहिते आणि सही करते. फुलं गळून शेंगा धरल्या आहेत. चाळीस रांगा आहेत, चाळीसही सारख्या दिसतात. तुमचं नवीन बी कोणत्या रांगेत आणि आपलं नेहमीचं कोणत्या, ते मला काही केल्या ओळखू येत नाही. जन्म मेंढरांमागे गेला माझा, शंभरात एक लंगडत असली तरी लांबून सांगते. इथं मात्र हात टेकले.

मेंढरं आता राहिली नाहीत, आठ शेळ्या तेवढ्या आहेत. मुलगा महांतेश ट्रॅक्टर चालवतो. सून रेणूला पाचवा सरून सहावा लागेल. पहिलटकरीण आहे, त्यामुळे घरात सगळे तिला जपतात आणि ती सगळ्यांवर चिडते.

पुढच्या महिन्यात वेळअमावस्या आहे. तुम्ही पुढे बीदर शहरात वाढलात, रानातली कदाचित बघितली नसेल. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालतो, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतो, हिरव्या शेंगांची भज्जी आणि आंबील करतो. रानात ज्याचं पाऊल पडेल त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही या. तपासणीला नको, जेवायला या.

कोंडाबाई

कलबुर्गी
५ डिसेंबर २०२५

प्रिय कोंडामावशी, सा. न.

तुमचं अक्षर बाबांसारखं आहे. ‘र’ ला तुम्ही देता तसा हिसका तेच द्यायचे. पत्र फाईलला लावलं, पण आधी दोनदा वाचलं.

रांगा ओळखू येत नाहीत हेच हवं आहे. मलासुद्धा माहीत नाही. कोणती रांग कोणती, याची यादी बेंगळुरूला एका बंद पाकिटात आहे. शेंगा तोडणाऱ्याला, दाणे मोजणाऱ्याला, उंदरांना ते खायला घालणाऱ्याला, कुणालाच ती ठाऊक नसते. एकदा कळलं की माणूस नकळत आपल्याला हवं तेच बघू लागतो. सगळे आकडे हाती आले की मगच पाकीट उघडायचं. आधी उघडलं तर ते वर्ष बाद.

तुम्ही मागे विचारलं होतंत की हा सगळा खटाटोप कशासाठी. नवीन तुरीत एका जिवाणूचा गुण घातला आहे. त्यामुळे झाड स्वतःच असा एक पदार्थ तयार करतं की शेंग पोखरणारी अळी मरते. अळी मरते हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या रानात सगळ्याच रांगांवर सारखं औषध मारतो, कारण इथं अळीचा प्रश्नच नाही. इथं प्रश्न एवढाच आहे, की तीच डाळ माणसानं रोज खाल्ली तर त्याला काही होतं का. माझं चौथं वर्ष चाललंय त्यात.

म्हणून पुन्हा एकदा लिहिते, कंटाळू नका. आतलं पान, फूल, शेंग, काहीही कुणाच्या पोटात जाता कामा नये. माणसाच्या नाही, जनावराच्या नाही, पाखराच्याही नाही.

अमावस्येला नक्की येते. ड्रायव्हरलाही आणते, तो माझ्यापेक्षा जास्त खातो.

वृंदा

मंठाळ
२४ डिसेंबर २०२५

वृंदाक्का यांना नमस्कार.

तुम्ही शुक्रवारी आलात, मांडी घालून बसलात, दोनदा मागून घेतलंत. गावात अजून बोलणं आहे की मास्तरांची लेक अशी जेवली जशी इथंच जन्मली. हे म्हणाले, “साहेबीण असून बी शेंगा सोलायला बसली की.” तुमच्या ड्रायव्हरनं बाजरीचे उंडे किती खाल्ले ते मी लिहीत नाही, फाईलला लागेल.

थंडी चांगली पडली आहे. हरभरा बरा आहे. जाळी शाबूत आहे.

एक विचारायचं होतं. सहज विचारते. समजा एखादी शेळी चुकून आत गेली आणि पाच शेंगा खाल्ल्या, पाचच, जास्त नाही, तर तिला काय होईल? शेळी गाभण असली तर? आणि दोन-तीन दिवसांनी तिच्या अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तर ती त्या शेंगांनी असेल की दुसऱ्या कशानं? शेळीला काही होणार असेल तर आताच कळेल की व्याल्यावर?

सहज विचारलं. उत्तर लवकर द्या.

कोंडाबाई

कलबुर्गी
२९ डिसेंबर २०२५

प्रिय कोंडामावशी, सा. न.

‘सहज’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहिलात. शेळी आत गेली आहे, हे मला कळलं. तुम्ही घाबरू नका, मी रागावलेली नाही. जनावर आत जाणं ही आमच्या जाळीची चूक, तुमची नाही.

आता नियमाप्रमाणे काय करायचं ते सांगते. त्या शेळीला वेगळी बांधा. दूध असेल तर घरात वापरू नका. ती विकायची नाही, कापायची नाही. तिच्या लेंड्या रोज प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारीख घालून ठेवा. अंगावरच्या गांधींचे फोटो महांतेशला काढायला सांगा, जवळ पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. शेळीला नाव असेल तर ते कळवा, नसेल तर रंग, वय आणि कितवं वेत ते लिहा. मी सात तारखेला पशुवैद्य घेऊन येते. तोपर्यंत ती आमच्या ताब्यात आहे असं समजा.

शेळी कोणत्या रांगेत गेली हे आठवत असेल तर तेही हवं.

भज्जी अजून जिभेवर आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आपल्या घरात अशी कधी जमली नाही.

वृंदा

मंठाळ
१ जानेवारी २०२६

वृंदाक्का,

शेळी नाही. माझ्या आठही शेळ्या धडधाकट आहेत. जी गाभण शेळी म्हणून मी लिहिली ती आमची रेणू आहे.

तुमचं पत्र वाचलं. तिला वेगळी बांधा, विकू नका, कापू नका. सून शेजारी भाकरी थापत बसलेली आणि मी हे वाचते आहे. आता सगळं लिहिते, मधलं काही गाळत नाही.

अमावस्येला सकाळी पांडव मांडले. आमच्यात चाल अशी की ज्या ज्या तुकड्यात पीक उभं आहे, त्या प्रत्येकातलं काहीतरी पांडवांपुढे ठेवायचं. हरभरा ठेवला, ज्वारीचं कणीस ठेवलं. हे म्हणाले, “जाळीतल्या तुरीचं काय ठेवलीस?” मी म्हटलं, त्यातलं काही घेता येत न्हाई. तर म्हणाले, “रान आमचं, आणि त्या रानातलं देवाला बी न्हाई व्हय?” मला ते लागलं. तुमचा नियम मी मनात घोकला. माणसाच्या पोटात नाही, जनावराच्या नाही, पाखराच्या नाही. देवाचं नाव त्यात नव्हतं. देव काही पोटात घालत नाहीत. पुढे ठेवू, पाया पडू, संध्याकाळी परत जाळीच्या आत टाकून देऊ, असा मी विचार केला. दाराजवळच्या पहिल्या पाच रांगा, एकेका रांगेतली एक शेंग, अशा पाच तोडल्या.

मग यांच्याबरोबर आंबील शिंपडत रानाला वेढा घालायला गेले. परत आले तर दगडांपुढे शेंगा नाहीत. रेणूला विचारलं. ती म्हणाली, “देवापुढलं हाय, वाया कामून घालवायचं? सोलून भज्जीत टाकले.” भज्जीला उकळी आली होती. तेवढ्यात तुमची गाडी आली.

मला तेव्हा सांगता आलं असतं. पळी माझ्या हातात होती. एकवीस माणसं पंगतीला बसली होती आणि तुमचं ताट माझ्या समोर होतं. मी वाढलं. संध्याकाळी वहीत लिहिलं, आतून काही बाहेर गेलं नाही, आणि खाली सही केली. मास्तरांनी शिकवलेल्या सहीनं मी पहिल्यांदा खोटं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी रेणूच्या दंडावर, पोटावर गांधी उठल्या. बसवकल्याणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत काही बायकांना होतं, मलम दिलं. चार दिवसांत उतरलं. पण तोवर माझ्या तोंडून रेणूला खरं कळलं होतं. ती माझ्याशी बोलत नाही. तिनं विचारलं, “माझ्या लेकराला काही होईल का, एवढं सांगा.”

वृंदाक्का, तुम्ही शिकलेल्या आहात. बाळाला काही होईल की नाही होणार, एका शब्दात लिहा. आणि माझी एक मागणी आहे. हे पत्र फाईलला लावू नका. तुमची चार वर्षं माझ्यामुळे जातील ते मला बघवणार नाही.

कोंडाबाई

कलबुर्गी
५ जानेवारी २०२६

प्रिय कोंडामावशी, आणि रेणू, कारण हे पत्र तुम्हा दोघींना आहे,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. ‘काही होत नाही. काळजी करू नका.’ पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. तिथून परत आले. चार वर्षं मी तुमच्या गावच्या बैठकांत सांगत आले की आधी तपासतो, मग सांगतो. तपासायच्या आधी सांगणारी माणसं कमी नाहीत, त्यांत माझी भर नको. रेणूला पहिलं उत्तरच मी असं दिलं असतं तर मला माझी लाज वाटली असती.

मला काय माहीत आहे ते आधी लिहिते. हा पदार्थ पोटातल्या आम्लात काही मिनिटांत विरघळतो, ते आम्ही पाहिलंय. शिजवल्यावर त्याचा जोर बराचसा जातो, तेही पाहिलंय. ज्या पदार्थांनी लोकांच्या अंगावर उठतं त्यांच्याशी तो जुळत नाही, हे कागदावर ताडून पाहिलंय. पाच शेंगांत फार तर वीस दाणे. ते एवढ्या मोठ्या भांड्यात पडले आणि एकवीस जणांत वाटले गेले. मी दोनदा वाढून घेतलं, तेव्हा तुमच्याइतकेच माझ्याही पोटात गेलेत. मला माझी भीती वाटत नाही.

आता काय माहीत नाही ते. ज्यांना डाळींचा त्रास होतो अशा माणसांच्या रक्तावरची तपासणी अजून व्हायची आहे. उंदरांची व्हायची आहे. आणि गरोदर बाईवर असली तपासणी कुणी करत नाही, करूही नये. त्यामुळे तुझ्या बाळाला धोका असण्याची शक्यता मला अगदी कमी वाटते, पण ‘नाही’ हा एक शब्द मी लिहू शकत नाही, रेणू. तुझ्या अंगावर उठलं ते कशानं, हेही मी इथं बसून सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र करता येते. त्या पाच रांगा नेहमीच्या तुरीच्या होत्या की नवीन, हे पाकीट उघडलं की कळेल. पाचही नेहमीच्या निघाल्या तर विषय संपला. एखादी नवीन निघाली तर तुझं रक्त त्या पदार्थावर तपासून घेऊ. पाकीट उघडलं की हे वर्ष बाद होईल, हे खरं आहे. पण तो हिशोब तू करायचा नाहीस. तू खाल्लंस ते न सांगता तुझ्या पुढ्यात आलं, म्हणून विचारायचा हक्क तुझा आहे. तू उघडा म्हणालीस तर मी उघडायला लावीन.

मावशी, पत्र फाईलला लावलं. तुमची मागणी मला मान्य करता आली नाही, क्षमा करा. वहीतली ती नोंद खोडू नका. तिच्याखाली खरं काय घडलं ते लिहा आणि आजची तारीख घाला.

वृंदा

मंठाळ
१० जानेवारी २०२६

वृंदाताई,

मी रेणू. माझं शिक्षण उदगीरला बारावीपर्यंत झालंय, तेव्हा मला लिहिता येतं. सासूबाईंच्या मार्फत नको म्हणून वेगळं लिहिते.

पाकीट उघडा.

इथं सगळे दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघायलेत. सासरे म्हणाले, “उतरलं की अंगावरलं, आता कशाला उकरून काढायलीस?” महांतेश म्हणाले, ताईंची चार वर्षं आहेत, विचार कर. मी विचार केला. मी मोठ्या मनानं नको म्हणाले तर सगळे मला शहाणी म्हणतील, तुम्हीसुद्धा म्हणाल. पण तुमचं वर्ष पुढच्या हंगामात परत पेरता येतं. माझे हे नऊ महिने मला परत काढता येत नाहीत. रोज पोटावर हात ठेवला की मला त्या शेंगा आठवतात. मला हे नको आहे.

तुमचा राग आला होता. पत्रातला जो भाग ‘मला माहीत नाही’ असा आहे तो वाचला आणि राग थोडा कमी झाला, कारण डॉक्टरीणबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत आहे, कुणी म्हणतं काही होत नाही, कुणी म्हणतं मूल आंधळं होतं.

सासूबाईंशी मी आठ दिवस बोलले नाही. आता बोलते. त्यांनी वहीत खरं लिहिलं तेव्हा मी समोर बसले होते. त्या लिहीत होत्या, मी वही धरली.

रेणू

कलबुर्गी
३० जानेवारी २०२६

प्रिय रेणू, आणि मावशी,

मंगळवारी समितीपुढे पाकीट उघडलं. पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी रांग नेहमीच्या तुरीची. तिसरी नवीन. म्हणजे पाचातली एक शेंग, चार दाणे. ते तुझ्या वाट्याला आले की माझ्या की ड्रायव्हरच्या, हे कधीच कळणार नाही.

वाट बघायला नको म्हणून पाकीट उघडायच्या आधीच मागवलेलं तुझं रक्त मागच्या आठवड्यात बीदरहून आलं होतं. काल निकाल लागला. त्या पदार्थाला तुझ्या रक्तानं काहीही ओळख दाखवली नाही. तेव्हा अंगावर उठलं ते त्या शेंगेमुळे नसावं, असं आता मी बऱ्याच खात्रीनं सांगू शकते. ‘नसावं’ लिहिलंय, ‘नव्हतं’ नाही. या पंधरा दिवसांत मला दुसरं काही सुचलं नाही, रेणू. निकालाचा कागद हातात आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून रडले. हे फाईलमध्ये असायला हरकत नाही.

वर्ष बाद झालं. पुढच्या आठवड्यात माणसं येऊन चाळीसही रांगा उपटून जाळतील. मावशी, तुम्ही त्या दिवशी रानात थांबू नका, तुम्हाला बघवणार नाही. पाणी तुम्ही घातलं होतं.

आमचे प्रमुख शिवशंकरप्पा सर भले गृहस्थ आहेत, पण त्यांना यात वेगळंच काही दिसलं. म्हणाले, “वृंदा, एकवीस माणसं जेवली, त्यात एक गरोदर, आणि कुणाला काही झालं नाही. उंदरांपेक्षा हे चांगलं. अहवालात लिही.” मी नाही म्हटलं. चार दाणे एकवीस जणांनी खाऊन काही झालं नाही, यावरून कोट्यवधी माणसांनी रोज खाल्ली तर काय होईल ते कसं ठरवायचं? त्यांनी मला या कामातून बाजूला केलं आहे. कारण वेगळं दिलं, की मी स्वतः ते जेवले आहे, त्यामुळे मला निःपक्ष म्हणता येत नाही. कारण खरं आहे, म्हणून भांडले नाही.

एप्रिलमध्ये बसवकल्याणला चौकशीची सुनावणी आहे. तुम्हा दोघींना बोलावतील. तिथं मला बोलता येणार नाही. मागे बसेन, पण तुमच्या बाजूनंही काही सांगू शकणार नाही. जे झालं ते सांगा, एवढंच.

वृंदा

मंठाळ
२० एप्रिल २०२६

वृंदाक्का यांना कोंडाबाईचा नमस्कार.

अठ्ठावीस मार्चला रेणू बाळंत झाली. मुलगी झाली. वजन तीन किलोला थोडं कमी, रडणं मात्र पाच किलोचं. दोघी सुखरूप आहेत. हे तुम्हाला महांतेशनं फोनवर सांगितलं ते मला माहीत आहे, तरी मला माझ्या हातानं लिहायचं होतं.

गुरुवारी सुनावणी झाली. तुम्ही मागच्या खुर्चीवर खाली मान घालून बसला होतात, त्यामुळे सगळं दिसलं नसेल, आणि नंतर बाहेर काय झालं ते तर तुम्हाला माहीतच नाही.

माझी पाळी आली. समितीतले म्हातारे साहेब म्हणाले, बाई, घाबरू नका. मी म्हटलं, “घाबरून एकदा खोटं लिहिले साहेब, आता घाबरले तरी खरंच सांगते.” शेंगा तोडल्या ते सांगितलं, वाढलं ते सांगितलं, खोटी सही केली ते सांगितलं. मग तुमच्या शिवशंकरप्पांनी विचारलं की तुम्ही सगळ्यांनी खाल्लं, नात चांगली झाली, म्हणजे तूर चांगली आहे असं तुम्ही म्हणाल ना? मी म्हटलं, “नात चांगली हाय हे मी सांगते. तूर चांगली हाय का न्हाई, ते चार दाण्यावरनं मी कशी सांगू?” त्या बाजूला बसलेल्या, नव्या तुरीला विरोध करायला झेंडा घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, तुम्ही इतक्या भ्यालात, म्हणजे ती वाईटच असणार. मी म्हटलं, “भ्याले व्हते व्हय. मी भ्याले म्हणून तूर वाईट ठरत न्हाई बाबा.” दोघंही माझ्यावर नाराज झाले. म्हातारे साहेब लिहीत राहिले.

बाहेर आलो. लिंबाखाली रेणू बाळाला घेऊन बसली होती. एक माणूस कॅमेरा घेऊन आला, म्हणाला बाळाचा फोटो हवा, आमच्या पत्रकात छापू, नवीन तूर खाल्लेल्या आईचं धडधाकट बाळ. त्याचं बोलणं संपत नाही तोच दुसरा आला, मोबाईल घेऊन. त्याला बाळाच्या गालावरची लाल पुळी हवी होती. उन्हाची पुळी, सगळ्याच लेकरांना येते. तो म्हणाला, हे लोकांपुढे यायला पाहिजे. दोघंही वाकून बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करायला लागले.

रेणू उठली. माझी सून मोठ्यानं बोलणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, “हात लावू नका. ही कुणाचा पुरावा न्हाई. ही माझी लेक हाय.”

दोघंही मागे सरले. यांनी आपला पटका झटकला आणि चालायला लागले, आणि आम्ही त्यांच्या मागून बसस्टँडकडे गेलो. बसमध्ये ती मला म्हणाली, “अत्ती, तिकडं आतमंदी वृंदाताईनं मान वर करून बसायला पाहिजे व्हतं.” मग म्हणाली, ताईनं मला एक शब्द खोटा दिला असता तर आज त्या दोघांतल्या कुणाचंतरी मला खरं वाटलं असतं.

बारसं लांबवलंय, सुनावणी होऊन जाऊ दे म्हणून. येत्या रविवारी आहे. रेणूचं म्हणणं आहे की बाळाच्या कानात नाव तुम्ही सांगायचं. नाव तिनं ठरवलंय, मला अजून सांगितलेलं नाही, फक्त तुम्हालाच सांगणार म्हणते. मी रुसले आहे, पण पुरणाचं सामान आणून ठेवलं आहे. सकाळच्या बसनं या.

कोंडाबाई